चिंधीचं जाकीट

डॉक्टरीणबाईंनी खडा एका इवल्याशा बाटलीत घालून माझ्या हातावर ठेवला. वाटाण्याएवढा, पिवळट, खरबरीत. "आठवण म्हणून राहू द्या," त्या हसत म्हणाल्या. कसली आठवण, ते काही मला कळलं नाही. मी बाटली पर्समध्ये टाकली आणि टेबलावर पडलेल्या चिंधीकडे पाहिलं. पोटावरचे केस भादरलेले, आणि मधोमध टाक्यांची ओळ.

मी शिवणकाम करणारी बाई. टाके दिसले की नजर आधी तिथे जाते. डॉक्टरीणबाईंचा हात बरा होता, पण टाक्यांमधली अंतरं काही सारखी नव्हती, आणि दोऱ्याची टोकं तशीच बाहेर सोडलेली. माझ्या दुकानातून असा कपडा गिऱ्हाइकाला गेला नसता. पण मी तोंडाला कुलूप घातलं. पोट त्यांनी उघडलं होतं, मी नव्हे.

चिंधी म्हणजे आमच्याकडची गिनी पिग. उंदीर म्हणावं तर शेपूट नाही, ससा म्हणावं तर कान नाहीत, आणि नावात डुक्कर असून डुकराशी लांबचंही नातं नाही. मुळात हे कोण आहे हेच जिथे ठरत नाही, तिथे त्याला काय होतंय ते कसं कळायचं? लघवीला बसली की किंचाळायची आणि खालचा कपडा लाल व्हायचा, म्हणून तिला डॉक्टरकडे नेलं. एक्स-रे काढला तर मूत्राशयात हा खडा.

घरी पाळायच्या सूचना डॉक्टरीणबाईंनी एकदाच दिल्या. ह्यांनी आणि मी शेजारी उभं राहून ऐकल्या, आणि घरी पोचेपर्यंत आम्ही दोघांनी दोन वेगळ्या गोष्टी ऐकलेल्या होत्या. हे म्हणे पाणी भरपूर द्यायचं, मी म्हणे पाणी हळूहळू द्यायचं. हे म्हणे पालेभाजी बंद, मी म्हणे फक्त पालक बंद. दुखण्याचं औषध खाण्याआधी की नंतर, यावर तर जिन्यातच जुंपली. हे लिफ्ट दुरुस्त करतात. त्यांच्या कामात बटण दाबलं की एक तर वर, नाही तर खाली. माझ्या घरात मात्र सगळा तळ्यात-मळ्यातला खेळ सुरू झाला.

दोन गोष्टींवर तेवढं आमचं एकमत होतं. एक, चिंधीने खाल्लं पाहिजे आणि लेंड्या टाकल्या पाहिजेत. "हे जनावर दिवसभर उपाशी राहिलं तर आतडी बंद पडतात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. "मग माझ्याही हातात काही उरत नाही." आणि दुसरी, टाके चावायला लागली तर लगेच त्यांना फोन करायचा.

चिंधी गेली तर काय होईल तेही सांगून टाकते, म्हणजे माझा जीव का टांगणीला लागला होता ते कळेल. चिंधी माझी नाही, माझ्या लेकाची. कॉलेजात असताना एका मित्राकडून खोक्यात घालून आणली आणि माझ्या मशीनखालच्या चिंध्यांच्या टोपलीत ठेवली, म्हणून चिंधी. लेकाचा हात माझ्यापेक्षा सफाईचा. कॉलर अशी बसवायचा की मी बघत राहायचे. मग मी दुकानावर नवी पाटी रंगवून घेतली, 'माय-लेक टेलर्स'. पाटी वर चढली त्या दिवशी तो म्हणाला, "मला विचारलंस?" यात विचारायचं काय? आईने स्वतःच्या लेकाला पाटीवर घेतलं, शेजाऱ्याच्या नव्हे. पुढच्याच महिन्यात तो दुसऱ्या शहरात एका बेकरीत कामाला लागला. पाटी अजून तशीच आहे. माझं चुकलं काय, ते मला काही केल्या उमगत नव्हतं.

त्याच्या भाड्याच्या खोलीत जनावर चालत नाही, म्हणून चिंधी आमच्याकडे राहिली. त्याचा फोन महिन्या-दीड महिन्याने यायचा. "चिंधी कशी आहे?" बरी आहे. "खाते ना?" खाते. मग मी विचारायचे, "तू कधी येतोस?" तो म्हणायचा, "बघू," आणि फोन संपायचा. म्हणजे आम्हा मायलेकांत बोलायला जे काही उरलं होतं ते एवढंच, बिनशेपटीचं आणि गवत खाणारं. चिंधी गेली की फोन गेला. हे मी ह्यांना कधी बोलून दाखवलं नाही, पण मला पक्कं माहीत होतं.

आणि ऑपरेशन झाल्यापासून त्याचा फोन रोज यायला लागला.

रोज! संध्याकाळी, बेकरीतली पाळी सुरू व्हायच्या आधी. मागे पत्र्यांचे ट्रे आपटल्याचा आवाज, आणि त्यात माझ्या पोराचा आवाज. आनंद मानावा की लाज वाटून घ्यावी? एका मुक्या जिवाचं पोट फाडलं म्हणून मला लेकाचा आवाज रोज ऐकायला मिळत होता. पहिल्या दिवशी मी मनात म्हटलं, लवकर बरी हो गं बाई. नंतर एकदा म्हटलं, बरी हो, पण अगदी धावपळ करायला नको. आणि मग स्वतःचाच असा राग आला की हातातली सुई बोटात गेली. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात ते खोटं नाही.

सुरुवातीला तसं बरं चाललं होतं. पावडर कालवून केलेली पेज मी तिला बिनसुईच्या सिरिंजने तोंडाच्या कडेने भरवायचे. अर्धी पोटात, अर्धी माझ्या साडीवर. वाळकं गवतही ती आपणहून ओढायला लागली. मग एका सकाळी बघते तर ही बया वळून पोटाखाली तोंड घालून बसलेली, आणि एका टाक्याचं टोक ओलं झालेलं.

"टाके चावतेय," मी ह्यांना म्हटलं.

"डॉक्टरांना फोन कर. तसं सांगितलंय त्यांनी."

"फोन करून त्या काय करणार? गळ्यात प्लॅस्टिकचं नरसाळं अडकवतील. मी इथे कशाला बसलेय?"

मी कपाट उघडलं. एका गिऱ्हाइकाच्या बाळाच्या झबल्याचं मऊ सुती कापड उरलेलं होतं ते काढलं, टेप घेतली. माप घेताना गिऱ्हाईक सरळ उभं पाहिजे, हा माझा नेम. ह्यांनी चिंधीला पुढच्या पायांखाली धरून उभी केली. तीही बिचारी लांब होऊन, पोट आत घेऊन, मोठ्या बाईसारखी उभी राहिली. छाती, पोट, पाठीची लांबी, सगळं घेतलं. दुपारपर्यंत जाकीट तयार. चार पायांना चार भोकं, पोटाला दुहेरी अस्तर, पाठीवर हुकांची पट्टी. शिवणीतलं जास्तीचं कापड, म्हणजे माया, मी नेहमीप्रमाणे आत दुमडून सोडली होती, पण शिवण अंगाबरोबर. सुरकुती म्हणून नाही. घालून बघितलं आणि मला इतकं समाधान वाटलं की काय सांगू!

हे चष्मा वर करून बघत होते. "वाकायला जागा आहे ना तिला?"

"तुम्ही तुमच्या लिफ्ट बघा," मी म्हटलं.

टाके चावणं बंद झालं, ते खरं. पण त्याबरोबर बाकीचंही बंद होत गेलं. चिंधी कोपऱ्यात ठोकळ्यासारखी बसून राहायला लागली. गवत तसंच. पेज तोंडात घातली की हनुवटीवरून बाहेर. लेंड्या आधी बारीक झाल्या, मग सुकल्या, मग टॉवेलवर शोधाव्या लागायला लागल्या. आणि ती दात वाजवायला लागली. ह्यांनी कुठेतरी वाचलं होतं की ते समाधानाचं लक्षण. लेक फोनवर म्हणाला की ते रागाचं. डॉक्टरीणबाईंना फोन केला, त्या म्हणाल्या, दुखत असेल. आता एकाच आवाजाचे तीन अर्थ असतील तर माझ्यासारखीने करायचं काय? मी तिच्यासमोर बसून तिच्या काळ्या डोळ्यांत बघायचे. त्यात मला फक्त ट्यूबलाइट दिसायची.

शेवटी आम्ही तिला उचलून दवाखान्यात नेलं. आमचा नंबर यायच्या आधी बाकावर बसल्या बसल्या मी हुक काढले आणि जाकीट पर्समध्ये ठेवून दिलं. का? सांगणं अवघड आहे. शिकलेल्या बायका अशी वस्तू बघितली की "अय्या, किती गोड!" म्हणतात, आणि मला ते सहन होत नाही. ते काही बाहुलीचं झबलं नव्हतं. दुहेरी अस्तराचं काम होतं.

डॉक्टरीणबाईंनी तिला टेबलावर ठेवलं. चिंधीने अंग झाडलं, दोनदा वळून पोटाखाली तोंड घातलं, आणि मग बाईंनी समोर ठेवलेलं पान उचलून करकर खायला लागली. माझ्या डोळ्यांदेखत! मी ह्यांच्याकडे बघितलं, ह्यांनी माझ्याकडे.

"ही तर खाते आहे," बाई म्हणाल्या. ताप बघितला, पोट चाचपलं, दात बघितले. "टाके छान आहेत. चावत नाही ना?"

"अजिबात नाही," मी ताठ मानेने म्हटलं.

"मग घरी काही बदललंय का? जागा, वास, आवाज?"

"काही नाही," मी म्हटलं, आणि मला खरंच वाटत होतं की काही बदललेलं नाही.

घरी आणलं, जाकीट घातलं. आता तर तिने एक हुक सैल केला होता, म्हणून मी पाठीवर दोन उभे टाकेही घालून टाकले. झालं! पुन्हा कोपरा, पुन्हा ठोकळा. आता मात्र माझी मतीच गुंग झाली. परक्याच्या टेबलावर खाते आणि आपल्या घरात आली की तोंड मिटते. हा अनुभव मला नवा नव्हता म्हणा. आणखी एकाचं तसंच चाललेलं होतं. बेकरीतल्या लोकांशी तो हसून बोलताना मी फोनवर ऐकलं होतं, आणि माझ्या वाट्याला मात्र "बघू". या घरातच काही आहे का? माझ्यात आहे का? मी भिंतींकडे बघितलं. गेल्या वर्षीच रंग दिलेला, स्वच्छ.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून तिने काहीच खाल्लं नाही. डॉक्टरीणबाईंना फोन केला तर त्यांचा आवाजही बदलला. "संध्याकाळपर्यंत पोट हललं नाही तर ताबडतोब घेऊन या," त्या म्हणाल्या. "आणि मनाची तयारी ठेवा." मनाची तयारी म्हणजे काय असते? शिवायच्या आधी कापड पाण्यात भिजवून ठेवतात, मनाचं काय करतात?

हे कामावरून लवकर आले. आम्ही दोघं जमिनीवर बसून होतो. मध्ये टॉवेल, टॉवेलवर जाकीट घातलेली चिंधी, आणि तेवढ्यात फोन वाजला.

"कशी आहे?" लेकाने विचारलं.

बरी आहे म्हणायला मी तोंड उघडलं आणि मला रडू कोसळलं. "खात नाही रे. सकाळपासून काही नाही. तिथे खाते, इथे खात नाही. माझं डोकं चालेनासं झालंय."

"आई, थांब. आधी रडणं थांबव. ती आत्ता काय करतेय ते सांग."

"काय करणार? बसलीय."

"मागे वळते का? पोटाखाली तोंड घालते का?"

"छे! ते तर मी बंदच केलंय. टाके चावत होती म्हणून जाकीट घातलंय तिला."

त्याने हातातला ट्रे खाली ठेवल्याचा आवाज आला.

"काय घातलंय?"

"जाकीट. मी शिवलंय."

"आई," तो हळू आवाजात म्हणाला, "ती वळते ती टाके चावायलाच असं नाही. ती स्वतःच्या लेंड्या खाते. मऊ असतात, त्या खाली पडायच्या आधीच तोंडात घेते. दिवसभर चालू असतं तिचं ते. ते खाल्लं नाही तर अन्न अंगी लागत नाही तिच्या."

"शी!"

"शी नाही गं, ते तिचं जेवण आहे. ते जाकीट पोटाला आवळलंय का?"

"मुळीच नाही. अंगाबरोबर आहे."

"अंगाबरोबर," तो म्हणाला, आणि हसायला लागला. कित्येक दिवसांत मी त्याला माझ्याशी बोलताना हसलेलं ऐकलं नव्हतं, आणि हसला तो या वेळेला! मला काही सुधरेना. "आई, माझा शाळेचा शर्ट आठवतो तुला? तोही अंगाबरोबर होता. मला त्यात हात वर करता यायचा नाही. उत्तर येत असून मी हात वर करायचो नाही, काखेत फाटेल म्हणून."

"मग मला सांगायचं नाहीस?"

"सांगितलं होतं. तू म्हणालीस, फिटिंग बघ कसं छान बसलंय."

ह्यांनी मान खाली घातली. म्हणजे ह्यांनाही आठवत होतं. मला एकटीलाच आठवत नव्हतं.

"आधी ते काढ," लेक म्हणाला. "उसवत बसू नकोस. काप."

माझी कापडाची कात्री मी कागदालासुद्धा लावू देत नाही, आणि स्वतः शिवलेल्या कपड्याला तर मी आजवर कधी लावली नव्हती. ह्यांनी चिंधीला धरलं. मी पाठीवरून कात्री घातली आणि सरळ मानेपर्यंत नेली. कापड दोन्हीकडे उघडलं आणि चिंधी अशी पसरली की मी बघतच राहिले. ही एवढी रुंद होती? बसल्यावर पोट जमिनीवर पसरतं तिचं, कणकेच्या गोळ्यासारखं, आणि मी माप घेतलं होतं ते उभं करून, श्वास आत घेतलेला असताना. घोडं इथे पेंड खात होतं.

ती थोडा वेळ तशीच बसली. मग अंग झाडलं. मग वळली, पोटाखाली तोंड घातलं, आणि तोंड हलायला लागलं.

"खाल्लं!" मी फोनमध्ये ओरडले. "शी, खाल्लं रे! खाल्लं तिने!"

"दिसायला घाण आहे, पण छान आहे ना?" तो म्हणाला.

डॉक्टरीणबाईंना मी सगळं खरं सांगितलं, पर्समधल्या जाकिटासकट. त्या म्हणाल्या, "बाई, दवाखान्यात येताना आजार पर्समध्ये ठेवून आलात तुम्ही." टाक्यांची टोकं थोडी ओली झाली तर होऊ देत, जोरात ओढत असेल तरच कळवा, असं त्यांनी सांगितलं. म्हणजे टाके चावायला लागली त्याच दिवशी फोन केला असता तर सुंठीवाचून खोकला गेला असता.

पुढे चिंधी सुधारत गेली. पेज बंद झाली, गवत सुरू झालं, टॉवेलवर लेंड्यांचा सडा पडायला लागला आणि तो झाडताना मला अपार आनंद व्हायला लागला. लेकाचा फोन रोज येतच होता. मग एक दिवस डॉक्टरीणबाईंनी पोटावरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "आता माझ्याकडे आणायची गरज नाही. खडखडीत बरी आहे."

घरी येईपर्यंत मी हिशोब करत होते. आज संध्याकाळी ही बातमी त्याला दिली की उद्यापासून फोन पुन्हा महिन्या-दीड महिन्यावर जाणार. मी ह्यांना काही बोलले नाही, पण मनात एक वाक्य तयार करून ठेवलं. 'जरा सुस्त वाटतेय रे.' खोटं असं नाही. दुपारी जेवून झाल्यावर ती सुस्त असतेच. सुस्त म्हटलं की आणखी आठ-दहा दिवस तरी निघाले असते.

फोन वाजला. "कशी आहे?"

वाक्य जिभेवर होतं. समोर चिंधी दोन्ही पाय जाळीवर ठेवून, पोट सोडून, माझ्या हातातल्या पानाकडे बघत होती.

"खडखडीत बरी आहे," मी म्हटलं. "डॉक्टर म्हणाल्या, आता आणू नका."

"अरे वा," तो म्हणाला. मग म्हणाला, "बरं."

त्याने फोन ठेवला नाही. मागे कुणीतरी भट्टीचं दार उघडलं असावं, तसा आवाज आला. 'तू कधी येतोस' अगदी ओठांवर आलं होतं. इतकी वर्षं लागलेली सवय, ती काही एका जाकिटाने जात नाही. मी पान चिंधीला दिलं आणि ओठ मिटले.

"तिथे भट्टीपुढे गरम होत असेल तुला," मी म्हटलं. "एखादा सुती सदरा शिवून पाठवते."

"माझं माप आहे तुझ्याकडे?"

"जुनं आहे. राहू दे, अंदाजानेच शिवते. सैल."

मला वाटलं फोन कटला. मी कानापासून काढून बघितलं, चालू होता.

"अंदाजाने नको," तो म्हणाला. "तुझा अंदाज कसा असतो ते चिंधीला विचार. मी येतो माप द्यायला. आणि माझं माप हात वर करून घ्यायचं."

"बरं," मी म्हटलं. आणि कधी, ते विचारलं नाही.